तबकडी लावण्यापूर्वी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



शाळेतील संगणक सुरू होईनासा झाला, कपाटात जपून ठेवलेली रिकव्हरी डिस्क काढून आत घातली, आणि तरीही यंत्र तिची दखल घेईना, तर शिक्षकाने काय करावे, एवढाच आजचा माझा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण त्यामागील गोष्ट लहान नाही. आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तेव्हापासून मुलांची नावे, जन्मतारखा, क्रमांक व निकाल हळूहळू यंत्राच्या पोटात जाऊन बसले आहेत. अक्राणीतील एखाद्या पाड्यावरच्या मुलाला उद्या जमातीचा दाखला काढावयाचा झाला, की शाळेतील नोंद हीच त्याची मोठी साक्ष ठरते. म्हणून हे यंत्र दुरुस्त करताना घाई करून चालणार नाही.

प्रथम यंत्राची रीत समजून घेऊ. सकाळी शाळा उघडावयास आलेला मुलगा किल्लीसाठी आधी मुख्याध्यापकांच्या घरी जातो, तेथे नसेल तर शेजारच्या घरी. संगणकाचेही तसेच आहे. वीज मिळताच मुख्य पाटीवरील बायोस नावाची लहानशी आज्ञावली जागी होते आणि ठरलेल्या क्रमाने विचारीत जाते: हार्डडिस्कमध्ये विंडोज आहे काय? तबकडीच्या खणात आहे काय? पेनड्राइव्हमध्ये आहे काय? पहिल्याच घरी मोडकीतोडकी का होईना, किल्ली मिळाली, की ती पुढच्या दारी जातच नाही. तबकडी निर्दोष असूनही यंत्र तिच्याकडे पाहत नाही, याचे सर्वांत सामान्य कारण हेच होय.

यावर उपाय सोपा आहे. यंत्र चालू करताच पडद्याच्या तळाशी एक ओळ क्षणभर दिसते. तेथे एफ-१२, एस्केप, एफ-२ किंवा डिलीट यांपैकी जी कळ सांगितली असेल ती लागोपाठ दाबावी. पुढे येणाऱ्या यादीतून तबकडीचा खण निवडावा. त्यानंतर पुष्कळदा ‘कोणतीही कळ दाबा’ अशी इंग्रजी सूचना काही सेकंदच दिसते. आपण हात जोडून बसलो, तर संधी निघून जाते.

एवढ्याने काम झाले नाही, तर तबकडी तपासावी. ती दुसऱ्या संगणकात वाचली जाते काय, ते पाहावे. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसू नये. खण फक्त सीडीचा असेल, तर तो डीव्हीडी वाचणार नाही. तबकडी घरी तयार केलेली असेल, तर ‘आयएसओ’ फाइल नुसतीच उतरवून घेतलेली नाही ना, हे पाहावे; ती ‘इमेज’ म्हणूनच उतरवावी लागते. एका कंपनीच्या यंत्राबरोबर आलेली तबकडी दुसऱ्या यंत्रास बहुधा चालत नाही. साधारणतः २०१२ नंतरच्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारा असतो. तो जुन्या तबकडीस आत येऊ देत नाही. तो तात्पुरता उठवता येतो. मात्र कोणती गोष्ट कशी होती, हे आधी वहीत लिहून ठेवावे आणि काम संपताच पूर्ववत करावे.

आता मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेतील संगणक निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा प्रारंभापाशी परत येई. आम्ही दोघे-तिघे दोन तास तबकडीशी झटलो. अखेर यादीतून खण निवडताच ती चालू झाली. आम्हांस आनंद झाला. तोच पडद्यावर प्रश्न उमटला: हार्डडिस्कवरील सर्व मजकूर पुसला जाईल, पुढे जावे काय? मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारले, “याची दुसरी प्रत कोठे आहे?” कोणीच उत्तर दिले नाही. ते म्हणाले, “मग आज राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेने सहज सांगितले, की गेले कित्येक दिवस यंत्राचे घड्याळ मागे पडत होते, आणि त्या रोज एक कळ दाबून ती सूचना घालवीत होत्या. तेथे उलगडा झाला. मुख्य पाटीवर रुपयाएवढी एक बॅटरी असते. तिला सीआर २०३२ म्हणतात. ती क्षीण झाली, की बायोसला तारखेचा आणि मांडणीचाही विसर पडतो. हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धत बदलून गेली होती, म्हणून विंडोज उभे राहत नव्हते. वीज काढून नवी बॅटरी बसविली, ती मांडणी पूर्ववत केली, आणि यंत्र सर्व नोंदींसह उघडले. ज्या तबकडीमागे आम्ही लागलो होतो, तिची गरजच नव्हती. तिने काम केले असते, तर मात्र सारे गेले असते.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, उपायाआधी कारण शोधावे. दुसरी, तबकडी यंत्र परत देते, नोंदी परत देत नाही. म्हणून यंत्र बंद पडले असता हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी, अथवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून नोंदींची प्रत आधी काढून घ्यावी. आणि यंत्र धडधाकट असतानाच दर महिन्यास एक प्रत शाळेच्या कपाटात कुलुपात ठेवावी, कारण तीत मुलांचे आधार क्रमांक असतात. तिसरी, जुनी तबकडी जुनेच विंडोज परत आणते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे यंत्र इंटरनेटला जोडण्यापूर्वी जाणकारास विचारावे.

जनरल रजिस्टर आपण पावसाच्या गळतीपासून वाचवितो. तीच काळजी या यंत्रातील नोंदींचीही घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.