‘फिट’ म्हणजे कशासाठी फिट?

तुम्ही बडोद्याहून ऐकत असाल, इंदूरहून किंवा बंगळुरूहून. आजचा विषय सगळीकडचा आहे. आजारपणाच्या रजेनंतर माणूस कामावर येतो, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणतो. तिच्यावर बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘अमुक तारखेपासून कामासाठी फिट.’ माझा प्रश्न साधा आहे. कोणत्या कामासाठी?

समजा, दोघांचा उजवा पाय एकाच दिवशी मोडला. एक हिशेब लिहितो, दुसरा ट्रक चालवतो. पहिला पाय स्टुलावर ठेवून लवकर कामाला बसू शकेल. दुसऱ्याला ब्रेक जोरात आणि वेळेवर दाबता आला पाहिजे. तोवर त्याला गाडीवर बसवता येणार नाही. दुखणं तेच, पण तारीख वेगळी.

म्हणून तीन प्रश्न विचारा. पहिला, याच्या येण्यानं इतरांना धोका आहे का? टायफॉइडचा ताप उतरल्यावरही काहींच्या शौचातून जंतू जात राहतात. असा माणूस स्टोअरमध्ये असेल तर फारसं बिघडत नाही. कँटीनमध्ये पोळ्या लाटत असेल, तर आधी तपासणी हवी. उलट क्षयरोगाचं नाव ऐकलं की लोक वर्षभर दूर ठेवतात. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिने चालतो, पण योग्य औषधं सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका बराच आधी कमी होतो. कामावर कधी यायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या, शेजारच्या टेबलाला नको.

दुसरा, त्याला स्वतःला धोका आहे का? फिट्स येणाऱ्याला परातीवर चढवू नका, चालत्या यंत्रापाशी एकटं ठेवू नका. तिसरा, काम झेपेल का, आणि किती तास?

आता गंमत बघा. डॉक्टरांना आजार ठाऊक असतो, काम ठाऊक नसतं. मालकाला काम ठाऊक असतं, आजार नसतो. मग मालकानं अर्धं पान लिहून द्यावं : किती वजन उचलावं लागतं, किती तास उभं राहावं लागतं, रात्रपाळी आहे का, उंचीवर चढणं आहे का. डॉक्टरांनी त्याचं उत्तर द्यावं : ‘चार आठवडे दहा किलोच्या वर उचलू नये, रात्रपाळी नको.’ सुपरवायझरला एवढं पुरतं. आजाराचं नाव त्याला कळायची गरज नाही.

हे का महत्त्वाचं? कारण माणूस बरा होण्याआधीच येतो. ‘बरा आहे साहेब,’ म्हणतो, कारण घरी हप्ते थांबत नाहीत. ज्यांना कर्मचारी राज्य विमा लागू आहे, त्यांना अटी पूर्ण केल्यावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दरानं आजारपणाचा लाभ मिळतो. क्षयरोग, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत तो ८० टक्के दरानं दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. किती जणांना हे कुणी सांगितलेलं असतं? मालकांनो, रजेवर जातानाच सांगा. पोटाची काळजी मिटली, की माणूस तब्येतीबद्दल खरं बोलतो.

केंद्र सरकारी नोकरीत वैद्यकीय रजेवरून परतताना तंदुरुस्तीचा दाखला बंधनकारक आहे. आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सरकारी आस्थापनांना सांगतं : काढू नका, पद घटवू नका, जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्या. खासगी मालकावर हे कलम नाही, पण वाट तीच शहाणपणाची आहे. पहिला आठवडा अर्धा दिवस, मग पाऊण, मग पूर्ण. दर आठवड्याला पाच मिनिटं बसून विचारा, काय जड जातंय.

तेव्हा पुढच्या वेळी चिठ्ठी हातात आली, की फाईलला लावण्याआधी समोरच्याला बसवा आणि विचारा : सोमवारी सकाळी तुम्हाला नेमकं काय काय करावं लागेल, आणि त्यातलं काय आज जमेल?