टेस्टोस्टेरॉन कुणी तपासायचं, कधी तपासायचं
(धाराशिव येथे तरुणांसमोर एका डॉक्टरांनी केलेलं भाषण)



दोस्तांनो, आज इथे फक्त मुलगेच आहेत, त्यामुळे जरा मोकळं बोलू. अन्सारी स्त्रियांबद्दल हजरत आयेशा (रजि.) यांची एक रिवायत तुम्ही ऐकली असेल. लाज त्यांना दीन समजून घेण्याच्या आड आली नाही, म्हणून त्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं. शरीराचे प्रश्न विचारायलाही तेवढीच हिंमत लागते.

एसटी स्टँडच्या आसपासच्या भिंती आपण लहानपणापासून वाचत आलोय. ‘मर्दाना कमजोरी, गुप्तरोग, एका कोर्समध्ये फरक’. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात करायला या देशात १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा तो कायदा. सत्तर वर्षं झाली, भिंती काही पुसल्या गेल्या नाहीत. आता तर भिंत मोबाईलमध्ये आली आहे. रीलमध्ये एक तगडा माणूस सांगतो, थकवा येतो का, मूड नसतो का, तुमचं टेस्टोस्टेरॉन लो आहे, तपासा. मग बावीस वर्षांचा मुलगा संध्याकाळी क्लासवरून येता येता रक्त देतो, रिपोर्टमध्ये ३८० आकडा पाहतो, आणि त्याची झोप उडते.

त्या आकड्याबद्दल आधी सांगतो. टेस्टोस्टेरॉन अंडकोषात तयार होतं आणि त्याचा हुकूम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. दाढी, आवाज, स्नायू, हाडं, इच्छा, शुक्राणू, सगळ्यात त्याचा हात असतो. ते दिवसभर सारखं राहत नाही. सकाळी सगळ्यात जास्त असतं, नंतर उतरतं. पोटभर खाल्ल्यावरही उतरतं. म्हणून नमुना सकाळी साधारण सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचा. साखर कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याने पाळी सुटल्या सुटल्या लॅबमध्ये जाऊ नये. नीट झोप काढून उठल्यावर दोन-तीन तासांत द्यावा. ताप किंवा मोठं आजारपण असताना तर देऊच नये, तेव्हा तो सगळ्यांचाच खाली जातो. आणि एकदा कमी आला म्हणजे निदान झालं असं होत नाही. दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासायचा. अनेक डॉक्टर ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही खालची रेघ धरतात. दोन्ही वेळा त्याखाली आला आणि त्रासही असेल, तर पुढे एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन या तपासण्या होतात. बिघाड अंडकोषात आहे की वरून हुकूमच येत नाही, ते त्यातून कळतं. ३८० वाला मुलगा ठीक आहे. ७०० वाला त्याच्यापेक्षा जास्त मर्द नसतो.

नुसत्या थकव्यासाठी ही तपासणी करू नका. युरोपातल्या आठ केंद्रांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कमी टेस्टोस्टेरॉनशी सगळ्यात पक्का संबंध तीनच तक्रारींचा निघाला: इच्छा कमी होणं, पहाटेची ताठरता कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. या तिन्ही तक्रारी आणि कमी आकडा असं एकत्र असलेले पुरुष त्या वयातसुद्धा शंभरात दोनच्या आसपास होते. मग विशी-पंचविशीतल्या थकव्याचं कारण आधी दुसरीकडे शोधायला हवं. रात्री दोनपर्यंत मोबाईल, जेवणाची आबाळ, भरतीची चिंता, कधी रक्त कमी असणं, कधी थायरॉइड, कधी खरोखरचं नैराश्य. ‘धात जाते म्हणून अंग गळतं’ असं सांगणारेही येतात. स्वप्नात वीर्य जाणं हा आजार नाही. त्याने हाडातली ताकद जात नाही आणि टेस्टोस्टेरॉनही संपत नाही.

मग तपासायचं कुणी? ज्याची इच्छा काही महिन्यांपासून जवळपास गेली आहे आणि पहाटेची ताठरता बंद झाली आहे, त्याने. ज्याची छाती दुखरी होऊन वाढते आहे, दाढी पूर्वीपेक्षा विरळ होते आहे, अंडकोष लहान झाले आहेत, त्याने. साध्या पडण्याने हाड मोडलं, किंवा रक्त कमी आहे आणि कारण सापडत नाही, त्यानेही डॉक्टरांना विचारावं. मागचा इतिहासही सांगायचा. वयात आल्यावर गालगुंड झाले आणि अंडकोष सुजले होते का, तिथे जबर मार लागला होता का, कॅन्सरची केमो किंवा रेडिएशन झालं होतं का. गुडघेदुखीच्या नावाखाली कुणी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर त्याही दाखवा. टाइप २ मधुमेह आणि सुटलेलं पोट असणाऱ्यांत हा आकडा अनेकदा खाली असतो, आणि वजन उतरलं की बऱ्याच जणांचा वर येतो.

फक्त ताठरतेची तक्रार असेल तर मात्र टेस्टोस्टेरॉनच्या आधी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल पाहा. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या आधी तुंबतात. चाळिशीतल्या भावाला ही तक्रार असेल तर ती हृदयाची आगाऊ सूचना असू शकते. तो पुडीवाल्याकडे गेला तर ती सूचना वाया जाते. शिवाय ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळल्याची प्रकरणं जगभर उघड झाली आहेत. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असलेल्या माणसाने ते घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळतो.

लहानांबद्दल एकच सांगतो. चौदा वर्षं पूर्ण झाली तरी अंडकोष वाढायला सुरुवात झाली नसेल तर मुलाला डॉक्टरांना दाखवा. आणि घरात खतना असेल तेव्हा दोन्ही अंडकोष पिशवीत उतरले आहेत का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. उतरले नसतील तर ते शस्त्रक्रियेने साधारण दीड वर्षाच्या आत खाली आणावे लागतात. नंतर आणले तर शुक्राणूंचं नुकसान झालेलं असू शकतं.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर आलोय ते. निकाहला तीन वर्षं झाली, मूल नाही. भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत गोष्ट सारखीच. सून आधी दायीकडे, मग सोनोग्राफीला, मग क्युरेटिंगला, मग लातूर, मग सोलापूर. मध्ये तावीज, मन्नत. सासू दुसऱ्या निकाहची भाषा काढते. आणि या तीन वर्षांत नवऱ्याची एक तपासणी झालेली नसते. ‘मला काय झालंय, मी तर धडधाकट आहे.’ मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. संबंध व्यवस्थित असणाऱ्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू शून्य असू शकतात. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, किंवा पत्नी पस्तिशीपुढची असेल आणि सहा महिने झाले, तर दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करा. पुरुषाची पहिली तपासणी वीर्याची. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, सुईसुद्धा लागत नाही. त्यात शुक्राणू कमी निघाले तर मग सकाळचं टेस्टोस्टेरॉन आणि एफएसएच. पत्नीच्या पोटाला कात्री लागण्याआधी हे झालं पाहिजे.

इथेच जिमची गोष्ट येते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पिट्युटरीला वाटतं, माल भरपूर आहे. ती हुकूम देणं थांबवते, अंडकोष काम थांबवतात आणि आकसतात. जागतिक आरोग्य संघटनेने तर हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० मध्ये निकाल आला: दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या २७१ पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्राणू उरला नव्हता. जिममधला ‘कोर्स’ अनेकदा याहून मोठा असतो, आणि बाटलीत नेमकं काय आहे ते ट्रेनरलाही माहीत नसतं. त्यात रक्त घट्ट होतं, गुठळ्यांचा धोका वाढतो तो वेगळाच. म्हणून रिपोर्ट खरोखर कमी आला तरी, मूल हवं असणाऱ्याने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नये. त्याच्यासाठी उपचार वेगळे आहेत, डॉक्टरांना ‘मला मूल हवंय’ हे आधी सांगायचं.

चिठ्ठ्या आल्या आहेत, दोन घेतो.

‘रोजात रक्त दिलं तर चालतं का?’ तपासणीपुरतं रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असं हनफी उलमा सांगतात. पण रमजानमध्ये तरावीह आणि सहरीमुळे झोपेचं घड्याळ बदलतं. घाई नसेल तर ईदनंतर, झोप रुळावर आल्यावर तपासा.

दुसरी चिठ्ठी बिननावाची आहे, बरं केलं. ‘एक वर्ष इंजेक्शन घेतलं, दोन महिन्यांनी निकाह आहे, आता काय करू?’ भाई, पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना भेट. आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथेच आहे. जे घेतलंस ते सगळं सांग, बाटल्या असतील तर घेऊन जा. वीर्याची तपासणी, टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच होईल. सोडल्यावर काही महिने अंग गळाल्यासारखं वाटेल, इच्छा कमी होईल, मन खचेल. त्या दिवसांत ट्रेनर पुन्हा बाटली पुढे करेल. बहुतेकांचे शुक्राणू परत येतात. कुणाचे सहा महिन्यांत, कुणाला वर्षाहून जास्त लागतं, काहींचे पुरते येत नाहीत. आणि निकाहनंतर पहिल्या वर्षी मूल झालं नाही, घरात तिच्याकडे बोटं वळायला लागली, तर इंजेक्शनचं तू स्वतः घरात सांगायचं, तिला डॉक्टरांकडे पाठवायच्या आधी.