शनवार तेल्यांची आडनावं

इस्रायलमधल्या अश्दोदला पेणकर, केहिमकर, दिवेकर भेटले तर चकित होऊ नका. हे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनावातला ‘कर’ काढला की बहुधा रायगडातलं गाव हाती येतं. केहिमकर किहीमचे, पेणकर पेणचे.

गावाच्या पुढे पूर्वजांचा माग काढणं मात्र अवघड. तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज शेजाऱ्यांसाठी नुसता ‘शनवार तेली’ होता. त्यात एकाच माणसाची दोन नावं! 1796 साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर म्हणजेच समाजी हसाजी. सॅम्युएलचा समाजी, इझिकिएलचा हसाजी. म्हणून पूर्वज शोधताना दोन्ही नावं हाताशी हवीत. हिब्रू-मराठी थडगी वाचता आली, तर फारच उत्तम.