उन्हातली त्वचा आणि रंगपेशी

आपल्या मनगटाची बाहेरची बाजू आणि दंडाची आतली बाजू जरा निरखून पाहा. वय एकच, पण बाहेरची कातडी जास्त रापलेली, सुरकुतलेली, मधूनच तपकिरी ठिपके. हा फरक मुख्यतः उन्हाने केलेला असतो.

बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी आपल्या फांद्यांतून आसपासच्या तीस-चाळीस पेशींना मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण पुरवते. हे कण त्या पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखे बसतात आणि आतल्या डीएनएला अतिनील किरणांपासून वाचवतात. किती नेमकी व्यवस्था! पण वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की रंगपेशींचाही तोल जातो. कुठे रंग जास्त तयार होतो, तिथे डाग उमटतात. कुठे रंगपेशीच कमी होतात, तिथे बारीक पांढरे ठिपके दिसतात. काही म्हाताऱ्या रंगपेशी विभागतही नाहीत आणि मरतही नाहीत. त्यांच्यातून पाझरणारी द्रव्यं शेजारच्या पेशींनाही म्हातारपण आणतात.

सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा येतात, डाग मात्र आधी. म्हणून शेतात, रस्त्यावर राबणाऱ्यांनी टोपी, पदर, पूर्ण बाह्या सोडू नयेत. आणि एखादा डाग वाढू लागला, त्याचा आकार बदलला किंवा त्यातून रक्त आलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.