शाळेंतील सोपें क्रिकेट



शाळेचा खेळाचा तास आपण पाहिलाच असेल. ज्याची बॅट, तो प्रथम खेळणार. ज्याला खेळ येतो, तो घंटा होईपर्यंत बॅट सोडीत नाहीं. आणि लाजाळू, अशक्त मुलें कुंपणापाशीं उभीं राहून चेंडू आणून देतात. मास्तर असतांना मींही हा प्रकार कित्येक वर्षें चालूं दिला. एकदां वर्षअखेरीस एका मुलास सहज विचारलें, "काय रे, यंदा धावा किती काढल्यास?" तो म्हणाला, "गुरुजी, मला अजून बॅट मिळाली नाहीं." त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें मला फार लागलें.

त्यानंतर मीं तासाची रीत बदलली. इंग्लंडांतील प्राथमिक शाळांतून 'क्विक क्रिकेट' नांवाचा खेळ खेळत असत. त्यांतील जोडीची पद्धत मीं उचलली. ती अशी.

सोळा मुलांचे आठ-आठांचे दोन संघ करावे. प्रत्येक संघाच्या चार जोड्या पाडाव्या. एका जोडीनें दोन षटकें खेळावयाचें, म्हणजे संघाचा डाव आठ षटकांचा झाला. समोरच्या संघांतील आठही मुलांनीं एकेक षटक टाकावयाचें. हात फिरवून चेंडू टाकतां येत नसेल, त्यानें खालून टाकावा. दर षटकानंतर क्षेत्ररक्षकांनीं एकेक जागा पुढें सरकावें. म्हणजे कोणी एकच मूल कायमचें कुंपणाशीं राहत नाहीं.

खेळाचें मर्म पुढें आहे. बाद झालेल्या मुलानें मैदान सोडावयाचें नाहीं. संघाच्या पांच धावा कमी कराव्या आणि पुढचा चेंडू त्याच्या जोडीदारानें खेळावा. गुण शून्याखालीं जाऊं नयेत म्हणून प्रत्येक संघास आरंभींच २०० धावा द्याव्या. समजा, एका संघानें ४२ धावा काढल्या आणि चार वेळां गडी बाद झाले, तर २४२ मधून २० वजा जाऊन २२२ उरतात. फार बाहेरून गेलेल्या चेंडूच्या दोन धावा द्याव्या, पण तो चेंडू पुन्हां टाकूं नये. नाहींतर तास पुरत नाहीं. सर्व षटकें एकाच बाजूनें टाकावीं. एका तासांत एक डाव सहज होतो. दुसरा डाव पुढच्या तासास.

साहित्य थोडें लागतें. यष्टींच्या जागीं तेलाचा रिकामा डबा, एक हलकी बॅट आणि रबरी चेंडू. खेळपट्टी बावीस यार्डांची नको, सोळा पुरे. आमच्याकडील काळ्या मातीस उन्हाळ्यांत भेगा पडतात. मुलांचा पाय अडकूं नये म्हणून त्या आधीं बुजवाव्या. सोलापुरांत पारा ४० अंशांवर जातो, तेव्हां खेळ सकाळींच उरकावा.

कोणी विचारील, अशानें मोठा खेळाडू निपजेल काय? पॉली उम्रीगर १९२६ सालीं याच सोलापुरांत जन्मले. परंतु कोणत्या मुलांत उम्रीगर दडला आहे, हें बॅट हातीं दिल्यावांचून कळावें कसें? अस्पृश्य मानलेल्या समाजांत जन्मलेले बाळू पालवणकर तरुणपणीं पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबांत मैदानाची निगा राखीत आणि साहेबांस सरावासाठीं तासन्‌तास चेंडू टाकीत. बॅट मात्र त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं, असें इतिहासकार सांगतात. चेंडू हातीं आला होता, म्हणून १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी घेतले. बॅटही मिळती तर काय झालें असतें, हें आतां कोण सांगणार?

शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या वर्गांत जातीमुळें नसेल, पण भिडस्तपणामुळें, जुन्या कपड्यांमुळें, जाड चष्म्यामुळें, अथवा ती मुलगी आहे एवढ्याच कारणानें कोणी कुंपणाशीं उभें आहे काय, तें उद्यां पाहावें. आणि पहिल्या जोडींत त्यालाच घ्यावें.