दिव्यांची माळ आणि ओला हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली एक साधी गृहिणी. मोठाल्या विषयांवर बोलणे हे माझे काम नव्हे. परंतु सणावारी आपण दारावर विजेच्या ज्या माळा सोडतो, त्यांच्याविषयी चार शब्द सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते. ती संधी मंडळाने दिली, याबद्दल मी आभारी आहे.

पूर्वी दिवाळी म्हणजे पणत्या. तेल संपले की वात आपोआप शांत होई. विजेच्या माळांची चाल बाहेरून आली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १८८२ साली एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी नाताळच्या झाडावर विजेचे ८० दिवे लावले. आता आपल्या शहरात राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेपर्यंत, आणि पुढे दिवाळीत घरोघर अशी रोषणाई असते. ती पाहून कोणाला आनंद होत नाही? मलाही होतो. त्या आनंदावर विरजण घालायला मी उभी राहिलेली नाही.

आपला एक मोठा गैरसमज असतो. दिवा एवढासा, मग त्यात वीज ती किती असणार! आमच्या ओळखीच्या वायरमनने मला हा हिशोब समजावून दिला. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. एका ओळीत जोडलेले ५० दिवे असतील, तर एकेका दिव्याच्या वाट्याला साडेचार व्होल्टच्या आसपास येतात. पण मधला एक दिवा निघाला, की त्या तुटल्या जागी पुरे २३० व्होल्ट उभे असतात. माळ विझलेली दिसते, आणि तिथेच बोट लागले तर घात होतो. तो दिवा वगळून तारा नुसत्या पिळून जोडल्या, तर बाकीच्या दिव्यांवर भार वाढून ते तापतात. एलईडीच्या स्वस्त माळाही पुष्कळदा थेट घरच्या विजेवरच चालतात.

दुसरा भरवसा असतो फ्यूजचा. फ्यूज तारेला वाचवितो, माणसाला नव्हे. ५ अँपिअरचा फ्यूज त्याहून जास्त वीज गेली तरच वितळतो. माणसाचा जीव त्याच्या शंभराव्या हिश्शातही जाऊ शकतो.

आता हा विषय बायकांच्या मंडळात का काढला, ते सांगते. माळ लावतात घरची पुरुष मंडळी, नाही तर मुले. दोन खिळे ठोकले की त्यांचे काम झाले. त्या माळेखाली वावरतो आपण. पहाटे अंगण धुणार आपण, सडा-रांगोळी करणार आपण, अनवाणी पायांनी आणि ओल्या हातांनी. नळाला रोज पाणी येण्याची सवय तर आपल्या गावच्या बायकांची केव्हाच मोडली. पाणी येईल त्या वेळी धावत जाऊन मोटार लावायची, आणि तिची वायर त्याच बोर्डावर, जिथून माळ घेतलेली असते. अंगाची कातडी ओली असली की वीज सहज शिरते, आणि पाय ओल्या जमिनीवर असले की तिला वाट सापडते.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीत एका सुनेला लोखंडी फाटक उघडताना झटका बसला. बिचारी दूर फेकली गेली म्हणून वाचली. पाहतो तो माळेची वायर फाटकाच्या बिजागरीत दबून सोलली होती. फाटकाला जाळी जोडलेली, आणि जाळीला कपडे वाळत घालण्याची तार! तिच्या आधी एखादे लेकरू त्या फाटकाला लोंबकळले असते तर, या विचाराने माझी दोन रात्री झोप उडाली.

भगिनींनो, उपाय अवघड नाहीत. माळ बीआयएसच्या शिक्क्याची आणि बाहेर लावण्याजोगी घ्यावी. लोखंडी फाटक, जाळी, पत्रे आणि कपड्यांची तार यांना ती बांधू नये. खिळ्याने वायर चेपू नये. जोड व बोर्ड पावसाच्या आणि सड्याच्या पाण्यापासून उंच ठेवावे. भाद्रपदात तर पाऊस असतोच. बटण बंद केले एवढ्यावर न थांबता पिन काढूनच माळेला हात लावावा, कारण बटण चुकीच्या तारेवर बसविलेले असेल तर ते बंद करूनही माळेत वीज राहते. अर्थिंग तपासून घ्यावे, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे यंत्र मीटरपाशी बसवावे. दोन साड्यांतली एक कमी घ्या, पण हे बसवाच.

सार्वजनिक मंडळांना महावितरण सणापुरती जोडणी देते. तीच घ्यावी, तारेवर आकडा टाकू नये. वरच्या तारांचेही भान हवे. २०२५ च्या सप्टेंबरात मुंबईत साकीनाक्याला विसर्जनाच्या मिरवणुकीत वरच्या तारेचा स्पर्श होऊन एकाचा जीव गेला आणि काही जण जखमी झाले. तार तुटलेली दिसली तर दूर राहून १९१२ वर कळवावे.

आणि कोणी घरात विजेला चिकटलेच, तर मायेपोटी त्याला मिठी मारू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते न जमल्यास कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या काठीने त्याला सोडवा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.

शेवटी मंडळाला एक विनंती. पुढच्या गणपतीच्या आत सर्वांनी मिळून एक जाणता वायरमन बोलवावा आणि सभासदांची घरे एकेक करून तपासून घ्यावी. खर्च वाटला गेला की कोणालाच जड जाणार नाही. काही भगिनी भाड्याच्या खोल्यांत राहतात. एकटीने सांगितले तर घरमालक ऐकत नाही. तिथे आपण दहाजणी मिळून जाऊ. दहाजणी दारात उभ्या राहिल्यावर कोण नाही म्हणेल?

दिवे जरूर लावा, आणि त्यांच्याखाली सर्वांची लेकरे निर्धास्त खेळोत, एवढीच देवीच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.