मताचा सातबारा

(चऱ्होली बुद्रुक येथें ग्रामस्थांच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी कांहीं मोठा वक्ता नाहीं. डी. एड. होऊन पोरांना बाराखडी व पाढे शिकविणारा साधा मास्तर आहें. पण मतदारयादीचें काम सरकारनें आम्हां मास्तरांच्याच गळ्यांत घातलें असल्यामुळें मी कित्येक वर्षें तुमच्या दारोदार हिंडलों आहें. कोणाच्या घरांत किती माणसें, कोणती लेक नांदायला गेली, कोण वारलें, हें मला तुमच्या भाऊबंदांइतकेंच ठाऊक आहे. त्या हिंडण्यांत जें पाहिलें तेंच आज सांगतों.

आपण शेतकरी माणसें. शेजाऱ्यानें बांधावर वीतभर नांगर घातला तर आपली झोप उडते. तलाठ्याकडे जाऊन आपण सातबारा काढतों, एकेका नांवावर बोट ठेवून वाचवून घेतों. बाप वारला कीं तेरावें उरकतांच वारसनोंदीचें बोलणें निघतें. मात्र ज्या यादीवरून कायदे करणारे लोक निवडले जातात, ती यादी आपण पांच वर्षांतून एकदां पाहतों. तीहि मतदानाच्या दिवशीं, केंद्राबाहेरच्या टेबलापाशीं. तेथें नांव सांपडलें नाहीं म्हणजे मग आरडाओरड! पण बाबांनो, त्या दिवशीं यादींत नांव घालण्याचा अधिकार मास्तरला नाहीं, तहसीलदाराला नाहीं, कलेक्टरलाहि नाहीं. मत हें यादींतल्या नांवाला असतें. माणूस समोर उभा असला, सारा गांव त्याला ओळखत असला, तरी यादींत नांव नसेल तर तो माघारीं फिरतो. मतदारयादी हा आपल्या मताचा सातबारा आहे.

दुसऱ्याची चूक सांगण्यापूर्वीं माझी सांगतों. १३ ऑक्टोबर २००९ रोजीं विधानसभेची निवडणूक होती. भोसरी मतदारसंघ तेव्हां नवा, ती त्याची पहिलीच निवडणूक. मीं आठ दिवस गल्लोगल्लीं फिरून लोकांना उपदेश केला. आमच्या लग्नाला तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं. मतदानाच्या दिवशीं आमची मंडळी केंद्रावर गेली, तों यादींत तिचें नांवच नाहीं. तें माहेरच्या यादींत, माहेरच्या आडनांवानें, तसेंच पडून होतें. रेशनकार्डावर तिचें नांव मीं चढविलें होतें, बँकेंत चढविलें होतें; मतदारयादींत चढवायचें राहून गेलें. मी स्वतः त्या दिवशीं निवडणुकीच्या कामावर परगांवीं, आणि टपाली मताचा अर्ज वेळेवर दिला नव्हता. म्हणजे यादी घेऊन हिंडणाऱ्या मास्तरच्या घरांतलींच दोन्ही मतें बुडालीं! रात्रीं ती एवढेंच म्हणाली, “गावाची नावं लावत फिरलात, घरचं राहिलं.” त्या दिवसापासून मी आधीं घरची यादी पाहतों, मग गांवची.

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाहीं. १९१९ च्या सुधारणा कायद्यानें कौन्सिलच्या निवडणुका आल्या, पण मत कोणाला? जो ठराविक रकमेवर सारा किंवा कर भरील त्याला. दोन-चार एकरांचा कुणबी, सुतार, लोहार, कुंभार, बलुत्यावर जगणारा महार-मांग, यांतल्या बहुतेकांना मत नव्हतें. मुंबई इलाख्यांत स्त्रियांना १९२१ सालीं मताची वाट मोकळी झाली, तीहि त्याच मालमत्तेच्या अटीनें. १९१९ सालींच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं साउथबरो कमिटीपुढें साक्ष देऊन मताधिकाराची अट खालीं आणा असें सांगितलें होतें. पुढें २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलांत आली आणि तिच्या ३२६ व्या कलमानें सारा, शिक्षण, जात, लिंग यांतली एकहि अट न ठेवतां प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिलें. तेव्हां २१ वर्षांची मर्यादा होती, ती १९८९ सालीं १८ वर आली.

तरीहि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं काय झालें तें आमच्या आयाबहिणींनीं ऐकावें. यादी करणारे दारांत आले तेव्हां उत्तरेकडच्या प्रांतांत पुष्कळ बायांनीं आपलें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच लिहून घेतलें गेलें. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशीं नांवें चालणार नाहींत असें ठरविलें, आणि सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गेलीं. आज आमच्या बाया नांव सांगायला लाजत नाहींत; पण लग्न झाल्यावर नांव माहेरीं राहतें व हक्क दोन्ही घरांच्या मध्यें लोंबकळतो. परिणाम तोच!

आतां नोंद कशी करावी तें सांगतों. नवें नांव घालायचें तर सहा नंबरचा फॉर्म भरावा. पूर्वीं १ जानेवारी हा एकच दिवस धरीत. आतां वर्षांत चार दिवस आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. यांतल्या ज्या तारखेला मुलाला अठरा पुरीं होतात, त्या तारखेपासून तो पात्र. सतरा पुरीं झालीं कीं अर्ज आगाऊ देऊन ठेवतां येतो. वयासाठीं जन्माचा दाखला, दहावी-बारावीचें जन्मतारीख असलेलें प्रमाणपत्र किंवा आधारकार्ड. पत्त्यासाठीं विजेचें, पाण्याचें वा गॅसचें बिल, आधारकार्ड, बँकेचें किंवा पोस्टाचें पासबुक, जमिनीचा उतारा असें कांहीं जोडावें. फॉर्म आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुम्ही ज्याला बीएलओ म्हणतां त्याच्याकडे द्यावा, नाहींतर मोबाईलवर निवडणूक आयोगाच्या ॲपमधून भरावा. अडल्यास १९५० या नंबरावर फोन करावा. फॉर्म दिल्यावर पोंच घेतल्याशिवाय उठूं नये. दुधाचा हिशेब तोंडीं ठेवीत नाहीं, मग हा कां ठेवावा?

घर बदललें, नांवांत चूक झाली, ओळखपत्र हरवलें, तर आठ नंबरचा फॉर्म. सातबाऱ्याच्या भाषेंत हा फेरफार समजा. सासरीं आलेल्या सुनेचें नांव माहेरच्या यादींत असेल तर तें याच फॉर्मनें इकडे आणावें. पुन्हां नवें नांव घालूं नये. आपल्याकडे तर नदीच्या अलीकडे-पलीकडे दोन चऱ्होली. बुद्रुक १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेंत आणि भोसरी मतदारसंघांत. खुर्द खेड तालुक्यांत. लोकसभेला दोघांचा शिरूर मतदारसंघ एकच, पण विधानसभेच्या याद्या वेगळ्या. पोरगी पूल ओलांडून नांदायला गेली तरी तिचें नांव आपोआप पूल ओलांडीत नाहीं. तें न्यावें लागतें.

कांहीं शहाणे म्हणतात, नांव दोन्हीकडे असूं द्या, कुठेंतरी उपयोगी पडेल. हें शहाणपण नव्हे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें एका माणसाचें नांव एकाच ठिकाणीं पाहिजे, आणि नोंदणींत खोटें लिहून दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्हीहि. वारलेल्या माणसाचें नांव काढण्यास सात नंबरचा फॉर्म आहे. तोहि भरावा. आजोबांचें नांव यादींत ठेवल्यानें आजोबांचा मान वाढत नाहीं. त्यांच्या नांवावर दुसराच कोणी मत देऊन जाण्याची भीति मात्र राहते.

येथें भाड्याच्या खोल्यांत राहणारे बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याचे बंधु बसले आहेत. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत ते राबतात. ते विचारतात, मास्तर, आमचें मत गांवाकडे; पोस्टानें पाठवितां येईल काय? उत्तर स्पष्ट आहे: नाहीं. कामासाठीं परगांवीं राहणाऱ्या मजुराला टपालानें मत देण्याची सोय आपल्या देशांत नाहीं. कायदा म्हणतो, जेथें तुम्ही नेहमीं राहतां तेथें तुमचें मत. गांवीं नुसतें घर आहे म्हणून तेथील मतदार होतां येत नाहीं. तेव्हां वर्षानुवर्षें येथें चूल मांडली असेल तर आठ नंबरच्या फॉर्मनें नांव येथें आणा. घरमालक करारनामा देत नाहीं म्हणून हात टेकूं नका. पत्त्याचा कागद नसला तर अधिकाऱ्यानें जागेवर येऊन चौकशी करावयाची असते. घरमालकांनाहि माझी विनंति आहे. भाडें घेतां, तर चौकशीला आलेल्या माणसाला हा येथें राहतो एवढें खरें सांगा. मत दिल्यानें भाडेकरू खोलीचा मालक होत नाहीं.

मग पोस्टाचें मत कोणाला? फौजेंतल्या जवानाला, व त्याच्याबरोबर राहणाऱ्या त्याच्या पत्नीला. त्यांची नोंद पलटणीमार्फत होते. निवडणुकीच्या कामावरच्या नोकराला. त्यानें बारा नंबरचा फॉर्म वेळेवर द्यावा, माझ्यासारखें करूं नये. आणि तिसरे म्हणजे आपले म्हातारे व अपंग. ८५ वर्षांवरील वृद्ध आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेले मतदार यांच्या घरीं अधिकारी मतपत्रिका घेऊन येतात. त्यासाठीं बारा-डी हा फॉर्म निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांच्या आंत पोंचला पाहिजे. बीएलओ तो घरीं आणून देतो. नाहीं आला तर नातवानें त्याला गांठावें. एकदां घरीं मत देण्याचें ठरलें कीं मग केंद्रावर मत देतां येत नाहीं. आणि एक बजावून सांगतों, आजीचें मत आजीचें आहे. अधिकारी घरीं आले तरी मत गुप्तच. मुलानें खांद्यावरून डोकावूं नये.

नोंद केव्हां करावी? आतां. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली कीं यादींत एकहि नांव घालतां येत नाहीं. त्याआधींहि हरकतींसाठीं सात दिवस जातात. महापालिका, जिल्हा परिषद व ग्रामपंचायत यांची निराळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी ठरलेल्या दिवशीं जशी असेल तशी उचलून प्रभागवार फोडतात. २०२५ सालीं जाहीर झालेल्या स्थानिक निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. प्रचाराचे भोंगे ऐकून जागे झालेल्यांना त्या वेळीं उशीर झालेला होता.

यादींत एकदां नांव लागलें म्हणून निर्धास्तहि राहूं नका. बिहारांत २०२५ सालीं सखोल फेरतपासणी झाली. १ ऑगस्टच्या कच्च्या यादींत सुमारें ६५ लाख नांवें नव्हतीं. कोणी मयत, कोणी दुबार, कोणी गांव सोडून गेलेले असें कारण दिलें गेलें. ज्यांनीं कच्ची यादी पाहिली त्यांना हरकत घेतां आली. ज्यांनीं पाहिलीच नाहीं त्यांना काय कळणार? म्हणून कच्ची यादी लागली कीं पाहावी. तुमच्या नांवावर कोणीं हरकत घेतली तर नोटीस देऊन तुमचें म्हणणें ऐकल्याशिवाय नांव काढतां येत नाहीं. निर्णय विरुद्ध गेला तर पंधरा दिवसांत कलेक्टरकडे दाद मागतां येते. गप्प बसूं नका.

मतदानाच्या दिवशीं ओळखपत्र न्यावें. तें नसेल तर आधार, पॅन, वाहनाचा परवाना, फोटो असलेलें पासबुक किंवा रोजगार हमीचें जॉबकार्ड चालतें. नुसती चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाहीं. कारखान्यांतल्या कामगाराला त्या दिवशीं पगारी सुटी देणें मालकावर बंधनकारक आहे, रोजंदारीवाल्यालाहि. वेळ संपतांना तुम्ही रांगेंत असाल तर तुमचें मत घेतलेंच पाहिजे. दिसत नसेल तर आपल्या विश्वासाचा सज्ञान माणूस सोबत न्यावा. आणि तुमच्या नांवावर आधींच कोणी मत देऊन गेला असेल तर रडत परत येऊं नका. केंद्राध्यक्षाला सांगा, मला प्रदत्त मत द्या. ओळख पटल्यावर तो कागदाची मतपत्रिका देतो व ती वेगळी ठेवतो. तो तुमचा हक्क आहे.

मत कोणाला द्यावें हें मी सांगणार नाहीं; तें माझें काम नव्हे. पैसे घेऊन देऊं नये, एवढेंच सांगेन. पांचशे रुपयांत बैलाची वेसणसुद्धां कोणी आपल्या हातीं देत नाहीं, आणि आपण पांच वर्षांची वेसण देऊन बसतों.

शेवटीं एकच मागणें. आज घरीं गेल्यावर जेवायला बसण्यापूर्वीं घरांतलीं नांवें मोजा. अठरा पुरे केलेले किती, यादींत किती. हिशेब जुळला नाहीं तर उद्यां शाळा सुटल्यावर मी वर्गांतच बसलेला असेन. फॉर्म माझ्याकडे आहेत. लिहितां येत नसेल तर मी लिहून देईन. सही येत नसेल तर अंगठा चालेल. पण नांव तुमचें पाहिजे, तुमच्या गांवच्या यादींत पाहिजे.